'श्यामची आई' : वाचलेली आणि पाहिलेली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हणजे हळदीकुंकू आणि अल्पोपाहार यांच्या मध्ये येणारी अडचण, हे मी जाणून आहे. तेव्हा बेताने बोलते. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा, की मुले पुस्तके वाचत नाहीत, सिनेमे पाहतात, ह्यावर उपाय सांगा. उपाय मजपाशी नाही. पण सहावी-सातवीच्या मुलांपुढे एक पुस्तक आणि त्याच पुस्तकावरचा चित्रपट शेजारी शेजारी ठेवला, तर ती दोन्हींकडे अधिक डोळसपणे पाहू लागतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. तेवढाच आपणांपुढे मांडते.

उदाहरण आपल्या सर्वांच्या घरातलेच घेते, 'श्यामची आई'चे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्याला कादंबरी म्हणावे की आठवणी, हा वाद विद्वानांनी घालावा. मुलांच्या लेखी ती गोष्ट आहे. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. आई वनमालाबाई, श्याम माधव वझे, संगीत वसंत देसाईंचे. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली पहिल्यांदाच देण्यात आले, ते ह्याच चित्रपटाला. गुरुजी मात्र तो पाहावयास नव्हते. १९५० च्या जूनमध्ये ते आपल्याला सोडून गेले होते. पुढे २०२३ साली सुजय डहाके यांनी ह्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, आणि तोही रंगीत न करता कृष्णधवलच ठेवला.

आता घरोघरी काय होते? मूल चित्रपट पाहून उठले, की आपण विचारतो, "काय रे, पुस्तक चांगलं की सिनेमा?" मूल आपल्या तोंडाकडे पाहते, आपल्याला काय हवे ते ओळखते, आणि म्हणते, "पुस्तक." आपण खूश! त्याच्या मनात सिनेमाच भरलेला असतो. आपण त्याला वाचायला शिकविले नाही, आपल्या मनासारखे उत्तर द्यायला शिकविले. म्हणून माझ्या वर्गात हा प्रश्न मी मुळी विचारीतच नाही.

मी अगोदर निवड करावयास लावते. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात त्या मावणार कशा? प्रत्येक रात्रीचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या मुलांपुढे ठेवायच्या आणि सांगायचे, दहा ठेवा, बाकीच्या गाळा. पहिल्या खेपेस सर्व गटांनी 'श्रीखंडाच्या वड्या' ठेवल्या होत्या, आत काय आहे ते न पाहता, नुसते नाव वाचून! पण पुढे भांडणे लागतात. 'मुकी फुले' गाळावी, तर कळ्या तोडू नयेत हे सांगणारी आई जाते. 'मोरी गाय' गाळावी, तर एक मुलगी रडकुंडीस येते. असे तासभर भांडल्यावर अत्र्यांनी काय ठेवले आणि काय सोडले, हे मुले अशा काही नजरेने पाहतात, जणू तीही त्या धंद्यातलीच आहेत. पुस्तकात नसलेलेही मग त्यांना दिसते. शाळेतले ते छडीचे गाणे, जे पुस्तक न वाचलेल्यांनाही पाठ असते, ते गुरुजींच्या पुस्तकात नाहीच. ते का घातले असेल? एक मुलगा म्हणाला, "बाई, सारखं रडून कंटाळा येऊ नये म्हणून." मला हे उत्तर अगदी पटले.

दुसरी गंमत 'अळणी भाजी'ची. भाजीत मीठ नाही, आणि वडील मिठाबद्दल एक शब्दही न बोलता ती खातात. पुस्तकात हे सांगणे सोपे आहे. पण पडद्यावर चव कशी दाखविणार? मुलांना ताट-वाटी देऊन करून दाखवायला सांगावे. बहुतेक जण तोंड वाकडे करतात. मग दुसरी ओरडतात, "तोंड वाकडं केलंस तर आईला कळेल ना!" वडिलांना कळले आहे, आपल्याला कळले पाहिजे, आणि आईला कळता कामा नये. नटाचे काम किती कठीण असते, हे सातवीच्या मुलांना त्या एका घासात कळते.

परंतु ज्यासाठी मी एवढे बोलत आहे, ती गोष्ट पुढेच आहे. पोहण्याचा प्रसंग आपणां सर्वांना ठाऊक आहे. श्याम भिऊन लपून बसतो, आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारीत पोहायला पाठविते. मागून त्याला जवळ घेऊन समजाविते, की तुला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मी मारले. वर्गात हे वाचले तेव्हा एकाही मुलाने त्या माराबद्दल हरकत घेतली नाही. पंधरा दिवसांनी तोच प्रसंग पडद्यावर दाखविला, तर अर्धा वर्ग चिडला. "एवढं मारायचं काय? समजावून सांगायचं ना!" एक मुलगी तर म्हणाली, "ही श्यामची आई नाहीच." शाळेत छडी नको, असा कायदा झाल्यानंतरची ही मुले. त्यांचा राग मला खोटा वाटला नाही.

मग मी विचारले, मार दोन्हीकडे तोच. वाचताना तुम्ही का चिडला नाहीत? बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने सांगितले, "पुस्तकात मोठा झालेला श्याम सांगतोय. त्यानं आईला माफ केलंय."

भगिनींनो, मी इतकी वर्षे हे पुस्तक शिकवीत आहे, पण ह्याहून चांगले मला सांगता आले नसते. पुस्तकात श्याम मोठा झाला आहे, आश्रमात सायंकाळच्या प्रार्थनेनंतर मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आहे. आई आता नाही. आपल्यापर्यंत जे येते, ते त्याच्या कृतज्ञतेतून गाळून येते. पडद्यावर मात्र मूल आत्ता मार खाताना दिसते. त्याला अजून काही उमजलेले नाही, आणि आपणही त्याच्याबरोबर कळवळतो. दोन्ही खरे आहे. पण जे दिसते आहे ते कोणाच्या नजरेतून, हा प्रश्न मुलाला एकदा पडला, की तो 'श्यामची आई'पुरता राहत नाही. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढून दिवसभर चित्रे सरकत असतात आणि प्रत्येक चित्र कोणीतरी काहीतरी मनात धरून दाखवीत असते. घरी तो प्रश्न आपण विचारला नाही, तर दुसरे कोण विचारणार? २०२३ च्या चित्रपटात तर मोठेपणीचे गुरुजीही दिसतात, ओम भूतकर यांच्या रूपात. त्याने त्या माराचे काय होते, हे मुलांनी पाहून आपल्याला सांगावे.

आधी काय, वाचन की चित्रपट? मी वाचनाच्या बाजूची आहे, आणि त्याचे कारण एका मुलाने दिले. "वाचताना श्यामची आई माझ्या आईसारखी दिसत होती. आता ती दिसतच नाही." वनमालाबाईंनी काम फार सुंदर केले आहे, म्हणूनच हे घडते. पण ज्याला वाचनच जड जाते, त्याला अगोदर चित्रपट दाखवावा. गोष्ट ठाऊक असली, की अक्षरांची भीती कमी होते. ह्या बाबतीत सर्वांना एकच नियम लावू नये.

घरी करावयाचे तर सबंध पुस्तक एकदम हाती देऊ नका. 'श्यामचे पोहणे' ही बारावी रात्र आहे. तेवढीच रात्री मोठ्याने वाचा, आणि रविवारी तेवढाच तुकडा पडद्यावर पाहा. मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्या. पाहून झाल्यावर लगेच काही विचारू नका. जेवायला बसल्यावर मूल आपणहून बोलू लागते.