जो पाय दुखत नाही

धान पिकायला आले की आपल्याकडे शेतात मचाण घालून रात्रभर राखण करतात. राखणदाराचा डोळा लागला, की रानडुकरे पीक तुडवून जातात आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो. आपल्या शरीरालाही असा एक राखणदार आहे. त्याचे नाव वेदना. काटा मोडला की ती ओरडते, म्हणून आपण थांबतो नि काटा काढतो. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात आणि हा राखणदारच नाहीसा होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीला हा रोग नवा नाही. 1951 साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई यांनी आनंदवन उभे केले, ते याच रुग्णांना घेऊन. पुढे 1982 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आज ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोग बरा होतो. पण फार दिवसांपूर्वी गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. गोळ्या संपतात, पाय मात्र जन्मभर सांभाळावा लागतो.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या शेतावर एक काका कामाला असत. त्यांचे औषध केव्हाच पूर्ण झाले होते. एका दिवाळीला मी हौसेने त्यांना नव्या वहाणा घेऊन दिल्या. आठवड्याने बघतो तो तळव्याला खोल जखम! वहाणेचा खिळा वर आला होता आणि काका तीन दिवस तसेच चालत होते. मी रागावलो. ते म्हणाले, “मास्तर, दुखलंच नाही, तं मले समजन कसं?” घरच्यांना वाटले, रोग उलटला. काकांचे ताट वेगळे झाले. रोग उलटला नव्हता; खिळा मी आणलेल्या वहाणेचा होता.

असा पाय रोगाने सडत नाही, हे वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. बधिर पायावर त्याच जागी पुन्हापुन्हा भार पडतो, म्हणून जखम भरत नाही. विश्रांती दिली, तर ती चारचौघांच्या जखमेसारखीच भरून येते.

मग करायचे काय? रोज संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात बघावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी बघावेत. लाली, सूज, फोड किंवा गरम लागणारी जागा आढळली, तर त्याच दिवसापासून चालणे कमी करावे. बधिर पायाला घाम येत नाही, कातडी भेगाळते. म्हणून साध्या पाण्यात वीसएक मिनिटे पाय बुडवावेत, घट्टे खरबरीत दगडाने हलके घासावेत आणि ओल्या पायालाच तेल चोळावे. मधुमेहाने बधिर झालेले पाय मात्र भिजत ठेवू नयेत. धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत. रोजची पाहणी दोघांनाही सारखीच. जखम झालीच तर साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडके बांधावे. राख, पाला भरू नये. घाण वास, वाढती सूज किंवा ताप दिसला, की तडक दवाखाना गाठावा. वहाण आतून मऊ, खालून टणक आणि बिनखिळ्यांची असावी. घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी. शेकोटीकडे पाय पसरून झोपू नये.

रोवणीच्या दिवसांत विश्रांती कशी घ्यायची, असे तुम्ही विचाराल. मजुरी बुडाली तर चूल कशी पेटायची? खरे आहे. पण धान पाखडणे, मुले सांभाळणे अशी बसून होणारी कामे घरातही असतात. ती त्या माणसाकडे द्यावीत. महिन्याची मजुरी पुढे भरून काढता येते. कापलेला पाय परत येत नाही.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर वर्गात गाजावाजा न करता पालकांना गाठावे आणि मुलाला आरोग्य केंद्रात पाठवावे. वेळीच औषध मिळाले, तर राखणदार जाण्याची पाळीच सहसा येत नाही.

काकांची जखम भरायला दोन महिने लागले. त्यांची नात रोज संध्याकाळी दिवा घेऊन तळवे बघायची. काकांचे ताटही पुन्हा पंगतीत आले. पण जखमेपेक्षा त्याला जास्त दिवस लागले.