किंमत कोणी मोजली?

लूकच्या 14 व्या अध्यायात येशू सांगतो : बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा. त्याच्या जरा आधी तो शिष्याकडून आई-वडील, बायको, मुलं यांचा 'द्वेष' मागतो. मी तिथे दरवेळी अडखळतो.

ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. हिशेब त्यांनी केलाही असेल, पण लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं नव्हतं. लहान दत्तूला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सारं आहे, आणि वर विनोदही! 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो मात्र स्वतः विचार करून.

व्हिसा मिळाल्यावर मीही घरी विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं.