एकच प्रत, पण खात्रीची



 सिस्टिम ॲडमिनच्या संमेलनात अध्यक्षानं क्लाउडवर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलावं अशी अलीकडे रीत पडली आहे. मी मात्र आज आयएसओ फायलींवर बोलणार आहे. व्हर्च्युअल मशीन उभं करताना ज्या फाइलीतून आपण ऑपरेटिंग सिस्टिम चढवतो, ती फाइल कुठे ठेवायची, कुणी सांभाळायची आणि सगळ्या होस्टना ती कशी पुरवायची, एवढाच माझा विषय. बॅकअपचं धोरण आता बहुतेक कचेऱ्यांत लेखी असतं, फायरवॉलचंही असतं. आयएसओचं धोरण लिहून ठेवलेली कचेरी मला क्वचितच भेटली. आपला जवळजवळ प्रत्येक सर्व्हर तिथूनच सुरू होतो, म्हणून हे मला फार खटकतं.

आधी त्या फाइलीकडेच जरा नीट पाहू. कॉम्पॅक्ट डिस्कवर फायली कशा मांडायच्या यावर एकमत व्हावं म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेतल्या लेक टाहोकाठच्या हाय सिएरा हॉटेलात वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक बसले. त्यांच्या मसुद्यातून पुढे १९८८ मध्ये आयएसओ ९६६० हे मानक आलं. २०४८ बाइटचा एक सेक्टर, सुरुवातीचे १६ सेक्टर राखीव, आणि त्यानंतर डिस्कची ओळख. आज उतरवलेली एखादी लिनक्सची आयएसओ हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडा. ३२ किलोबाइट ओलांडलेत की एक बाइट सोडून सीडी००१ ही पाच अक्षरं दिसतील. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी एल टोरिटो हा बूटचा करार आणला आणि सीडीवरून थेट पीसी सुरू करता येऊ लागला. आपल्या रॅकमधल्या होस्टना आता सीडी ड्राइव्ह नसतो, पण हायपरवायझर आतल्या मशीनला ही फाइल सीडी म्हणूनच दाखवतो.

सीडी फक्त वाचता येते, आणि आपल्या कामाचं मर्म नेमकं तिथे आहे. आतल्या मशीनला त्या फाइलीत एक बाइटही लिहिता येत नाही, म्हणून एकच फाइल एकाच वेळी पन्नास मशीनना लावली तरी कुणाचं कुणाला अडत नाही. प्रत्येक होस्टवर वेगळी प्रत ठेवण्याचं तांत्रिक कारणच उरत नाही. तरीही आपण ठेवतो.

प्रॉक्समॉक्सचं उदाहरण घेतो, कारण गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या लहान-मध्यम कचेऱ्यांत तो बराच पसरला आहे. तिथे प्रत्येक नोडवर 'लोकल' नावाचं स्टोरेज आपोआप तयार होतं आणि आयएसओ त्याच्या आतल्या टेम्प्लेट फोल्डरमधल्या आयएसओ या फोल्डरात जातात. तीन नोडचा क्लस्टर असेल तर तिन्हींवर हे नाव 'लोकल' असंच दिसतं, पण आतला माल प्रत्येक ठिकाणी वेगळा. नवा माणूस इथे हमखास फसतो. पहिल्या नोडवर चढवलेली आयएसओ दुसऱ्या नोडवर दिसत नाही, मग तो तीच फाइल पुन्हा चढवतो, तिसऱ्यावर आणखी एकदा. काही महिन्यांनी एका नोडवर उबुंटूची जुनी पॉइंट आवृत्ती, दुसऱ्यावर नवी, आणि तिसऱ्यावर नुसतं 'उबुंटू-फायनल' नाव असलेली, कुणी आणली ते ठाऊक नसलेली फाइल पडलेली असते.

जागा वाया जाते हे त्यातलं सगळ्यात किरकोळ नुकसान. खरा फटका बसतो तो रात्री. इन्स्टॉलेशन झालं, मशीन सुरू झालं, पण सीडी ड्राइव्हमधली आयएसओ काढायची राहून गेली. दोन वर्षं कुणाचं लक्ष जात नाही. मग एका मेंटेनन्सच्या रात्री होस्ट रिकामा करायला घेतला की बाकी सगळी मशीन सरकतात आणि हे एक अडून बसतं, कारण त्याची सीडी त्या नोडच्या लोकल डिस्कवर आहे. हाय अव्हेलेबिलिटी लावलेली असेल तर प्रकार आणखी वाईट. होस्ट बंद पडतो, क्लस्टर ते मशीन दुसऱ्या नोडवर सुरू करू पाहतो, आणि आयएसओ सापडत नाही म्हणून मशीन उठतच नाही. डेटा शाबूत, मेमरी मोकळी, नेटवर्क ठीक, आणि हॉस्पिटलचं किंवा पतपेढीचं सॉफ्टवेअर बंद, तेही ज्या फाइलीची त्या मशीनला आता गरजच नाही तिच्यापायी. माझ्या मते इन्स्टॉलेशन झाल्यावर सीडी काढणं हे चेकलिस्टमधलं शेवटचं कलम असावं, आणि त्यावर सही झाल्याशिवाय मशीन ग्राहकाच्या हाती जाऊ नये.

उपाय अवघड नाही. एक लहानसा एनएफएस सर्व्हर किंवा आहे तोच नॅस बॉक्स घ्या, त्यावर आयएसओसाठी वेगळा शेअर करा आणि तो क्लस्टरला एकदा जोडा. प्रॉक्समॉक्समध्ये स्टोरेजची मांडणी सगळ्या नोडमध्ये सामाईक असते, त्यामुळे एकीकडे जोडलेलं सगळीकडे दिसतं. हे फाइल ठेवता येईल असंच स्टोरेज हवं, हे ध्यानात असू द्या. एलव्हीएम-थिनवर मशीनच्या डिस्क राहतात, आयएसओ राहत नाहीत. एक्ससीपी-एनजीवाल्यांकडे यासाठी आयएसओ एसआर आहे, हायपर-व्हीवाले एसएमबी शेअर वापरतात, पण दूरच्या मशीनवरून व्यवस्थापन करताना डेलिगेशनची परवानगी द्यायला विसरतात आणि 'ॲक्सेस डिनाइड' बघत बसतात. व्हीएमवेअरनं २०१५ मध्ये व्हीस्फिअर ६ बरोबर कंटेंट लायब्ररी आणली. मुख्य कचेरी प्रकाशित करते, शाखा वर्गणीदार होतात. पुण्याहून नागपूरच्या शाखेला पाच जीबीची विंडोज सर्व्हर दिवसाढवळ्या पाठवण्यापेक्षा रात्री आपोआप पोचलेली बरी. ही सोय ज्यांच्याकडे नाही त्यांनी आरसिंक लावावा. शहराबाहेरच्या लाइनवरून एनएफएस ओढू नये.

लिहिण्याचा अधिकार मात्र एकाच मशीनला द्या, होस्टना फक्त वाचू द्या. आणि त्या सर्व्हरवर प्रॉडक्शनच्या डिस्क ठेवू नका. एनएफएसचा हार्ड माउंट असताना सर्व्हर गेला तर होस्टवरच्या प्रक्रिया नुसत्या वाट पाहत थांबतात, साधी डिस्कची जागा पाहायची आज्ञाही अडकते. आयएसओचा शेअर अर्धा तास बंद राहिला तर चालतं. मशीनच्या डिस्क अर्धा तास बंद राहून चालत नाही.

इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असेल. आता जे बोलायचंय त्यासाठीच मी हा विषय निवडला.

एक प्रत सगळ्यांनी वापरायची ठरली की ती प्रत खरी असण्याची जबाबदारी कैकपटीनं वाढते. चुकीची फाइल एका लॅपटॉपवर असेल तर एक लॅपटॉप बिघडतो. सामाईक साठ्यात असेल तर त्यानंतर चढवलेला प्रत्येक सर्व्हर पहिल्या सेकंदापासून परक्याच्या ताब्यात असतो. हे काल्पनिक नाही. २० फेब्रुवारी २०१६ या दिवशी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात हल्लेखोर शिरले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडचा दुवा त्यांनी स्वतःच्या सर्व्हरकडे वळवला. तिथल्या आयएसओत मागचं दार होतं. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी ते उघडपणे जाहीर केलं आणि लोकांना प्रती तपासायला सांगितलं. त्यांच्या त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण तो दिवस आठवला की मनात येतं, त्या काही तासांत आपल्यापैकी कुणी ती फाइल उतरवून साठ्यात टाकली असती, तर आपल्याकडे ते कळण्याचा मार्ग कोणता होता?

मार्ग आहे, पण तो पूर्ण चालावा लागतो. शा-२५६ चा ठसा काढला की ६४ अक्षरं मिळतात आणि फाइलीतला एक बिट बदलला तरी ती पार बदलतात. एमडी५ वर भिस्त ठेवू नका, त्याची टक्कर २००४ मध्येच दाखवली गेली, आणि शा-१ ची २०१७ मध्ये. मात्र ज्या पानावरून फाइल घेतली त्याच पानावरून ठसा घेतला, तर चोरानं दोन्ही बदललेले असू शकतात. म्हणून सहीची फाइल तपासायची, जीपीजीनं. डेबियन, उबुंटू, दोन्ही सही केलेली ठशांची यादी देतात. सही ज्या किल्लीची आहे तिची ओळख दुसऱ्या वाटेनं पटवायची. पहिल्यांदा याला वेळ लागतो. नंतर दोन आज्ञा पुरतात.

बियाण्याची पिशवी आणणारा शेतकरी तिचं लेबल, लॉट नंबर आणि दुकानाची पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवतो, कारण उगवण झाली नाही तर दाद मागायला तेवढाच आधार असतो. आपल्या साठ्यात प्रत्येक आयएसओशेजारी एक साधी मजकुराची फाइल हवी ती याच कारणासाठी. कुठून घेतली, कोणत्या तारखेला, कुणी, ठसा काय, सही तपासली का. फाइलीचं मूळ नाव बदलू नये. 'विन-न्यू' या नावातून कुणालाच काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो. 'आधीच ॲक्टिव्हेट केलेली' विंडोज पेनड्राइव्हवर हातोहात फिरते. तालुक्याच्या गावात फिरते तशी मोठ्या शहरातही फिरते. ती कुणी बनवली आणि आत काय घातलं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ती परवान्याचा भंग आहेच, पण त्याहून मोठा धोका म्हणजे ती सामाईक साठ्यात आली की अधिकृत होऊन बसते. साठ्यात असलेलं कुणी तपासत नाही. चाचणीसाठी मायक्रोसॉफ्ट सर्व्हरची १८० दिवसांची प्रत अधिकृतपणे देते, ती घ्या. सोबत व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओही साठ्यात असू द्या, नाहीतर व्हर्टआयओ डिस्क दिलेल्या मशीनवर विंडोजच्या सेटअपला डिस्कच दिसत नाही आणि घाईत माणूस कुठलाही ड्रायव्हर शोधू लागतो.

जुन्या प्रती टाकून द्याव्यात का? माझं उत्तर नाही असं आहे. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा आधार संपला आणि नेहमीच्या मिररची यादी बंद झाली. पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या संग्रहात गेली. ज्यांनी नेट-इन्स्टॉलची छोटी आयएसओ जपली होती त्यांच्या हाती अर्धीच वस्तू होती, कारण ती पॅकेजेससाठी बाहेर पाहते. पूर्ण डीव्हीडी जपणाऱ्यांना जुनं यंत्र बाहेर न पाहता पुन्हा उभं करता आलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची ईएसएक्सआय बंद केली, एप्रिल २०२५ मध्ये ती परत दिली. आज मिळतंय ते उद्या त्याच दारात मिळेल असं धरून चालू नका. ज्या आवृत्तीवर एकही मशीन चालू आहे तिची पूर्ण प्रत ठेवा. मात्र आधार संपलेल्या प्रती वेगळ्या फोल्डरात असाव्यात, म्हणजे नवं मशीन त्यावर चुकून चढणार नाही.

शेवटी एक प्रस्ताव. आयएसओ आपण एकमेकांना देऊ नये, प्रत्येकानं त्या मुळातूनच घ्याव्यात. पण ठसे आणि किल्ल्यांच्या ओळखी आपण जरूर वाटून घ्याव्यात. कोल्हापूरच्या, नाशिकच्या आणि पणजीच्या ॲडमिननं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या लाइनवरून तीच आवृत्ती उतरवली आणि तिघांचा ठसा जुळला, तर चौथ्याला ती मोठी मदत आहे. पाच रकान्यांची एक नोंदवही मी आखली आहे: आवृत्ती, मूळ पत्ता, तारीख, शा-२५६, तपासलेल्या किल्लीची ओळख. कोरे तक्ते नोंदणीच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना आपल्या साठ्याशी दूरवरून जोडता येईल त्यांनी निदान एका आयएसओची ओळ भरावी. दुपारच्या पहिल्या सत्रात आपण त्या पडताळू आणि जिथे दोघांचा ठसा जुळत नाही तिथून चर्चा सुरू करू.