रक्ताचे नाते आणि रक्ताची तपासणी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात युसूफ वडगाव येथे केलेले भाषण)



 मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. तरीही आज वैद्यकातला विषय घेतला आहे, कारण तो माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, घरातून आला.

माझ्या आपाचा निकाह आमच्या मामूंच्या मुलाशी झाला. पहिला मुलगा सहा-सात महिन्यांचा होताच पांढरा पडू लागला, दूध पिईना, पोट वाढू लागले. कोणी कावीळ म्हटले, कोणी नजर लागली म्हटले. अखेर शहरातील रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा थॅलेसीमिया मेजर हे नाव आम्ही प्रथम ऐकले. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत. मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्ताबरोबर शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधे चालू ठेवावी लागतात. पण आजारापेक्षाही अधिक दुःख दुसऱ्या गोष्टीने दिले. दोष आपाच्या माथी आला. सासर म्हणजे सख्ख्या मामूंचे घर. तरी "सुनेच्या रक्तात खोट आहे" हे शब्द तिने तेथेच ऐकले.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून तासभर समजावून सांगितले. यालाच आनुवंशिक समुपदेशन म्हणतात. त्यांनी चार चिठ्ठ्या केल्या. दोन आईच्या, दोन वडिलांच्या. प्रत्येकाची एक चिठ्ठी चांगली, एक सदोष. मुलाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक चिठ्ठी मिळते. दोन्ही सदोष आल्या तरच मूल आजारी होते. एकच सदोष आली तर मूल नुसते वाहक होते. ते खेळते, शिकते, कमावते, त्याला काही त्रास नसतो. म्हणजे आपा जितकी वाहक, तितकाच तिचा नवरा. सुनेला बोल लावणाऱ्या घरातूनच दुसरी चिठ्ठी आली होती!

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वेळा मूल आजारी होण्याचा संभव असतो. पहिले आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब कोणी करू नये. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने काढल्या जातात.

आता आपल्या नात्यातील लग्नांविषयी. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांत आजी-आजोबांकडून आलेल्या गुणांपैकी सरासरी एक अष्टमांश भाग सारखा असतो. म्हणून एकच सदोष चिठ्ठी दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. सर्वसाधारणपणे शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत जन्मतः गंभीर दोष आढळतो. अशा नात्यात हे प्रमाण साधारण दुप्पट होते. याचा अर्थ शंभरातील चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुले तरीही चांगलीच असतात. मामे-आते नात्यातील लग्ने आपल्या मराठवाड्यातील हिंदू बांधवांतही होतात. आणि नात्याबाहेर लग्न करणाऱ्या सिंधी, लोहाणा समाजांतही थॅलेसीमियाचे वाहक पुष्कळ आहेत. भारतात शंभरातील तीन-चार माणसे वाहक आहेत. तेव्हा नाते सोडा असे मी सांगत नाही. नाते जोडण्यापूर्वी रक्त तपासा, एवढेच सांगतो.

ही तपासणी अवघड नाही. आधी सीबीसी नावाची साधी तपासणी होते. तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या तर एचपीएलसी ही दुसरी तपासणी करतात. लोहाच्या कमतरतेनेही पेशी लहान होतात, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नये, खात्री करून घ्यावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. चौकशीला तेथून आरंभ करावा. ज्यांचे लग्न झाले आहे आणि दोघेही वाहक आहेत, त्यांच्या पोटातील बाळाची तपासणी गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत हे काम चालते. निष्कर्ष हाती आल्यावर काय करावयाचे, ते त्या जोडप्याने डॉक्टर आणि जाणत्या आलिमांचा सल्ला घेऊन ठरवावे. समुपदेशक माहिती देतो, हुकूम देत नाही.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. 2011 च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलांमागे मुली अवघ्या 807 होत्या. ही आपल्या सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे. 1994 च्या कायद्याने आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी करण्यास परवानगी आहे. मुलगा की मुलगी हे विचारणे किंवा सांगणे हा गुन्हा आहे. या दोन गोष्टींची गल्लत कोणी करू नये.

काही वडीलधारे विचारतील, हे दीनच्या विरुद्ध तर नाही? इराणमध्ये 1997 पासून लग्नाआधी थॅलेसीमियाची तपासणी सक्तीची झाली. सौदी अरेबियात 2004 पासून निकाहपूर्वी थॅलेसीमिया व सिकलसेल या दोन्हींची तपासणी सक्तीची झाली. मात्र तेथे निष्कर्ष काहीही आला तरी निकाह करण्याचा निर्णय वधू-वरांचाच ठेवला आहे.

आता शेवटची गोष्ट. आपाच्या मुलानंतर आमच्या घरात सर्वांची तपासणी झाली. अम्मी वाहक निघाल्या. आयुष्यभर कापूस वेचला, आम्हा भावंडांना वाढविले. त्यांना कधी कळलेही नव्हते. मीही वाहक आहे. माझी पत्नी वाहक नाही, म्हणून आमच्या मुलांना हा आजार होणार नाही. हे मी येथे बोलणार असे कळल्यावर अम्मी म्हणाल्या, "नको बेटा, धाकटीचे लग्न व्हायचे आहे. लोक काय म्हणतील?" मी धाकट्या बहिणीलाच विचारले. ती म्हणाली, "भाईजान, बोला. ज्यांना एवढ्यावरून पाऊल मागे घ्यायचे असेल, त्यांनी आत्ताच घ्यावे."

पालकहो, मुलीचे शिक्षण, मुलाची नोकरी, घराणे, सारे आपण विचारतो. त्यात रक्ताच्या तपासणीचा एक कागद वाढवा, आणि तो दोन्ही बाजूंनी मागा. केवळ मुलीकडून नव्हे. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे वडीलधारे संकोचतील. तुम्ही संकोचू नका. वाहक असणे हा रोग नाही आणि गुन्हाही नाही. दोघांनाही माहीत नसणे, हेच संकट आहे.

माझा भाचा आज आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. पुढच्या आठवड्यात त्याच्या रक्ताची तारीख आहे. ज्यांना रक्त देता येईल त्यांनी मला अवश्य भेटावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो. खुदा हाफिज.