राजे दहा, पानं एकशेवीस



मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. सध्या मुक्काम कुम्हारी. रायपूरहून भिलाईकडे निघालात की खारून नदी ओलांडल्यावर आमचं गाव लागतं. आज मी सावंतवाडीतल्या एका मुक्कामाबद्दल बोलणार आहे. माझ्यापुढं एक प्रश्न होता, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांपुढं असेल. आपल्यातल्या अनेकांचे गावाकडे जुने वाडे आहेत, घरं आहेत. त्यांना कुलपं लागली आहेत. मग कोणीतरी सुचवतं, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढा, भिंतींवर वारली किंवा चित्रकथी काढून घ्या, लोक येतील. लोक येतातही. पण त्या कलेला त्यातून काय मिळतं? कला त्या घरात राहते, की फक्त भिंतीवर टांगली जाते?

याचं उत्तर बसल्या जागी मिळणार नव्हतं. म्हणून सौ. आणि मी दुर्गहून मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेनं सावंतवाडी असा प्रवास केला. सावंतवाडी म्हणजे जुनी सुंदरवाडी, भोसले-सावंतांच्या संस्थानाची राजधानी. मधोमध मोती तलाव, मागं नरेंद्र डोंगर आणि तळ्याच्या काठी जांभ्या दगडाचा राजवाडा. राजघराण्याचं कुटुंब आजही तिथं राहतं. त्याच आवारात काही मोजक्या खोल्या पाहुण्यांसाठी आहेत आणि त्यांची सगळी सजावट गंजिफा या एका कलेवर आधारलेली आहे.

गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. 1527 साली बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या खेळात आठ रंग आणि 96 पानं. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह असे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी बारा पानं. एकूण 120. ज्या कोकणात रात्रभर दशावतारी नाटकं चालतात, तिथं हा खेळ रुजला यात नवल नाही.

आता खेळ थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तीन खेळाडू, प्रत्येकाला 40 पानं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानं सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा असेल त्यानं. ब्रिजसारखा हुकुमाचा रंग इथं नाही. शिवाय निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दहा मोठा आणि एक्का छोटा, तर उरलेल्या निम्म्यांत उलट, एक्का मोठा आणि दहा छोटा. सगळा खेळ लक्षात ठेवण्याचा. कोणत्या रंगातलं कोणतं पान पडून गेलं आणि आता वरचढ कोण, हे ज्याच्या डोक्यात पक्कं, तो जिंकतो. मेसमध्ये मी पुष्कळ ब्रिज आणि रमी खेळलो आहे. 52 पानांचा हिशोब ठेवताना दमणाऱ्यांनी 120 पानांचा ठेवून बघावा. साठी उलटलेल्यांना याहून स्वस्त औषध नाही.

हे पत्ते बनवायचे म्हणजे मोठा उद्योग. कापडाला चिंचोक्याची खळ लावून ते कडक करायचं, गोल चकत्या कापायच्या, त्यांवर रंगाचे थर द्यायचे, मग बारीक कुंचल्यानं चित्र काढायचं आणि वर लाखेचा हात फिरवायचा. श्रीमंतांसाठी हस्तिदंताचे पत्तेही बनत. हे काम चितारी घराण्यांचं. सावंतवाडीत आजही चितारआळी आहे, तिथं लाकडी खेळणी आणि फळं मिळतात.

मग छापील पत्ते आले. थोड्या पैशांत कॅट मिळू लागला, हातानं रंगवलेला कोण घेणार? संस्थानं गेली, आश्रय गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतही गंजिफा रंगवणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या दांपत्यानं पुढाकार घेतला. पुंडलिक चितारी हे वृद्ध कलाकार ही विद्या जाणत होते. त्यांच्याकडून सत्त्वशीलादेवी स्वतः शिकल्या आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कार्यशाळा सुरू झाली. गावातली मुलं-मुली तिथं शिकू लागली. 2018 साली सत्त्वशीलादेवी गेल्या, पण दरबार हॉलमध्ये काम चालूच राहिलं. क्रम लक्षात घ्या. आधी शिकणं, मग शिकवणं, आणि पन्नासेक वर्षांनी पाहुण्यांच्या खोल्या.

आता मुक्कामाकडे येतो. खोलीत शिरलं की अवतारांची चित्रं दिसतात, भिंतीवर आणि फर्निचरवरही. रंग ठसठशीत, मन प्रसन्न होतं. सकाळी नारळाच्या चटणीबरोबर घावणे खाल्ले आणि तळ्याला फेरी मारली. पण मी तिथं बसून एक गोष्ट मोजली. सवय आहे, काय करणार. सजावटीत चालतात ते राजे. मत्स्यावतार, नृसिंह, राम. म्हणजे दहा पानं. फार तर दहा प्रधान धरा. उरलेली शंभर पानं कुठं गेली?

त्या शंभर पानांवर देव नाहीत. एका पानावर तीन मासे, एकावर सात कासवं, एकावर नऊ परशू. दिवाणखान्यात सात कासवांचं चित्र कोण लावणार? पण चित्रकाराची खरी कसोटी त्याच पानांवर लागते. लिंबाएवढ्या वर्तुळात सात आकृत्या अशा बसवायच्या की गर्दी होऊ नये आणि खेळणाऱ्याला बघताक्षणी सात कळावेत. त्यासाठी हात घोटून घोटून तयार व्हावा लागतो. आणि खेळ तर त्या शंभर पानांशिवाय होऊच शकत नाही.

माझं सगळं आयुष्य पलटणीत गेलं. समारंभाच्या फोटोत अधिकारी पुढं बसतात. पण पलटण उभी असते मागच्या रांगांतल्या जवानांच्या जिवावर. नुसत्या अधिकाऱ्यांची पलटण कोणी ऐकली आहे का? कलेचंही तसंच. दहा राजे भिंतीवर गेले आणि शंभर पानं रंगवणारा हात थांबला, तर पन्नास वर्षांनी गंजिफा हे एका नक्षीचं नाव उरेल.

यावर कोणी म्हणेल, कलाकाराचं पोट तर सजावटीवर भरतंय ना? बरोबर आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. हातानं रंगवलेल्या पूर्ण जोडाला काही हजार रुपये पडतात आणि घेणारा आयुष्यात एकदाच घेतो. खोली मात्र रोज रात्री भाड्यानं जाते. पेटी, ट्रे, दिवा या वस्तू रोज विकल्या जातात. त्या पैशानं कुंचला चालू राहतो. म्हणून अशा ठिकाणी जाऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट जरूर जा. पण जाताना पाहुण्यानं काय करायचं आणि यजमानानं काय करायचं, हे ठरवून जा.

पाहुण्यानं निदान तासभर कलाकाराशेजारी बसावं. त्यांचं नाव विचारावं. राजाचं एक पान फ्रेम करून न्यायचं असेल तर न्या, पण ऐपत असेल तर पूर्ण जोड घ्या आणि घरी खेळा. आम्ही जोड घेतला. आता संध्याकाळी सौ., शेजारचे एक निवृत्त शिक्षक आणि मी, असे तिघं बसतो. नातवंडं सुट्टीत आली की त्यांना पाठोपाठ दहा अवतार म्हणता येतात, तेही न रागावता. तिसरा गडी शोधावा लागतो आणि गडी मिळाला की माणूस जोडला जातो, हा वेगळाच फायदा.

यजमानानं काय करावं? केंद्र सरकारच्या निवास व न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांची मर्यादा असते आणि मालकानं त्याच घरात राहणं अपेक्षित असतं. मला हा नियम फार आवडतो. घरात घरचे लोक हवेत, तशीच कला ठेवायची तर कला जाणणारं माणूस हवं. रोज नाही, आठवड्यातून एक दिवस तरी. टेबलावर एक खेळता येईल असा जोड ठेवा. चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहा. गावातल्या दोन मुलांना शिकवण्याचा खर्च खोलीच्या भाड्यातून काढा. पन्नास वर्षं आधी कार्यशाळा काढायला आपण राजे नाही, पण एवढं जमतं.

हे फक्त कोकणापुरतं नाही. आमच्या छत्तीसगडमध्ये खैरागढ आहे. तिथल्या राजा-राणींनी आपला राजवाडा संगीत आणि कलेच्या शिक्षणासाठी दिला आणि 1956 साली तिथं त्यांच्या मुलीच्या नावानं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. तिथंही आधी शिकवणंच आलं. बस्तरमध्ये कोंडागावला मेणाच्या साच्यातून पितळेच्या ढोकरा मूर्ती घडतात. माझ्या गावाच्या तर नावातच कुंभार आहे. उद्या कुम्हारीत कोणी पाहुण्यांची खोली काढली आणि कोपऱ्यात मातीचा घोडा ठेवला, तर मी आधी विचारेन, चाक कुठं आहे? चाकावर पाहुण्याला अर्धा तास बसवा. त्याचं मडकं वाकडंच होईल. पण सरळ मडकं करायला काय लागतं, हे त्याला कळेल आणि तो कुंभाराशी दर पाडून बोलणार नाही.

ज्यांच्या वाड्याला कुलूप आहे, त्यांनी ते जरूर उघडावं. फक्त रंगाऱ्याला बोलावण्याआधी गावात अजून काय घडवलं जातं, कोण घडवतं आणि त्याच्याकडे कोणी शिकायला येतं का, एवढी चौकशी करावी. सुरुवात तिथून करा. खोल्यांचं नंतर बघता येईल.

आणि सावंतवाडीला गेलात तर दिवसा रामाचा राजा कोणाच्या हातात येतो, ते खेळून बघा.