रक्तातील आकडा आणि आयुष्याची आशा



मी वैद्य नाही. कापडाचा व्यापारी आहे. तथापि हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाचा रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, तेव्हा त्यातील आकडा पाहून सारे कुटुंब धास्तावते. म्हणून त्या आकड्याचा अर्थ जाणून घेणे अगत्याचे आहे.

हृदयाच्या स्नायूंवर ताण वाढला की त्यांतून 'बीएनपी' नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. शरीरातील जादा मीठ व पाणी लघवीवाटे बाहेर टाकण्यास ते साहाय्य करते. १९८८ साली जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत आढळले, म्हणून नावात मेंदू राहिला. वस्तुतः त्याचे मुख्य उगमस्थान हृदयच होय. हृदयविकाराच्या रुग्णात हा आकडा जितका चढा, तितका जिवाला धोका अधिक. ट्रोपोनिन, सोडियम व क्रिएटिनिन यांचीही साक्ष डॉक्टर विचारात घेतात.

परंतु वार्धक्यात व मूत्रपिंडाच्या विकारात बीएनपी वाढते; स्थूल व्यक्तीत ते कमी दिसते. एका दिवसाच्या गल्ल्यावरून पेढीची पत ठरत नाही. उपचारांनंतर आकडा उतरला, तर ते सुचिन्ह. न उतरल्यास अधिक दक्षता हवी. अनेक रुग्णांच्या अनुभवावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. एका माणसाची मृत्युतिथी त्यातून निघत नाही.

यास्तव विनंती एवढीच की, जुने अहवाल जपून ठेवावेत, दर वेळी डॉक्टरांना दाखवावेत आणि आकडा पाहून औषध स्वतःहून थांबवू नये.