पंपात मिसळताना विचारता, पोटात मिसळताना का नाही?

(परभणी जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेले भाषण. बोलले तसे छापले आहे.)



आजचा विषय कापसाच्या भावाचा नाही असे म्हटल्याबरोबर मागे बसलेल्या दोघातिघांनी तंबाखूची चंची काढली, ते मला इथून दिसते आहे. काढा, हरकत नाही. पण कान इकडे ठेवा. मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखाच कोरडवाहू कापूस-ज्वारीवाला आहे. आज जे सांगणार आहे त्यात माझी स्वतःची चूक आहे, आणि त्या चुकीपायी माझ्या दोन्ही किडन्या जाता जाता राहिल्या.

आधी एक प्रश्न विचारतो. ज्वारीतल्या रुंद पानाच्या तणावर २,४-डी मारले आणि तोच पंप न धुता दुसऱ्या दिवशी कपाशीत नेला, असा कोणी या मंडपात आहे का? एकही हात वर आला नाही. ज्याने एकदा नेला त्याच्या कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी झाली, आणि तो जन्मभराचा शहाणा झाला. दोन कीटकनाशके एका पंपात टाकायची तर आपण दुकानदाराला विचारतो, विद्यापीठाच्या माणसाला विचारतो, नाहीतर बाटलीत थोडे थोडे मिसळून फाटते का ते पाहतो. कपाशीची एवढी काळजी. आणि स्वतःच्या पोटात सकाळी एका डॉक्टरची, दुपारी दुसऱ्याची आणि रात्री पाहुण्याने दिलेली गोळी टाकतो, तेव्हा कोणाला विचारतो?

माझी गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी छातीत कळ आली. मोठ्या शहरात नेले, फुले योजनेतून स्टेंट बसला. घरी येताना पिशवीभर गोळ्या दिल्या. रक्त पातळ राहावे म्हणून दोन, रक्तदाबाची एक, आणि रात्रीची एक पांढरी गोळी, अटोर्वास्टॅटिन ८०. ही कोलेस्टेरॉलची. रक्तातली चरबी कमी करते आणि नळीत पुन्हा गाळ साचू देत नाही. मी ती नेमाने घेत होतो, आजही घेतो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात जांघेत नायटा झाला. ओल्या धोतराने दिवसभर कोळपणी, दुसरे काय होणार. मलमे लावून पाहिली, हटेना. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरला दाखवले. त्याने इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या, महिनाभर घ्यायला सांगितल्या. त्याने विचारले नाही की आणखी काय घेता. मीही सांगितले नाही. जांघेतल्या खाजेचा आणि छातीतल्या स्टेंटचा काय संबंध, असे मला वाटले. दोष निम्मा त्याचा, निम्मा माझा.

पंधरवड्यानंतर मांड्या भरून यायला लागल्या. दोन्ही. मग खांदे. मी म्हटले, वय झाले, पाऊस फार झाला, डवरे जड झाले. शेतकऱ्याच्या अंगदुखीला कारणांची कमी असते का? गावातल्या एकाने दुखण्याचे इंजेक्शन टोचले. चार दिवसांनी परसाकडे बसल्यावर मला उठता येईना, बाभळीच्या बुंध्याला धरून उठलो. आणि त्या संध्याकाळी लघवी झाली ती काळ्या चहासारखी. घरची मंडळी घाबरली, रातोरात जीप केली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या आणल्या का?” बायकोने शहाणपणाने सगळी पिशवी उचलून आणली होती. बाईंनी ती खाटेवर ओतली, एकेक पाकीट वाचले, आणि दोन पाकिटे बाजूला काढली. म्हणाल्या, “हे दोघं एकत्र नको होते.” रक्त तपासले. सीपीके नावाची तपासणी असते, स्नायू किती तुटतो आहे ते सांगते. निरोगी माणसाचा आकडा साधारण शेकड्यात असतो, माझा हजारांत गेला होता. तुटलेल्या स्नायूचा मळ रक्तातून किडनीत जाऊन अडकतो, म्हणून लघवी काळी. पाच दिवस सलाईन चढली. वर ते दुखण्याचे इंजेक्शन, त्यानेही किडनीवरच भार टाकला होता. वाचलो.

हे का झाले ते मी बाईंना विचारले, आणि त्यांनी सांगितलेले माझ्या भाषेत सांगतो. एकाधिकार खरेदीच्या दिवसांतले केंद्र आठवा. शंभर बैलगाड्यांची रांग आणि काटा एकच. तसे आपल्या यकृतात औषधांची विल्हेवाट लावणारे काटे आहेत. अटोर्वास्टॅटिनची गाडी ज्या काट्यावर रिकामी होते, त्याच काट्यावर इट्राकोनाझोल येऊन ठाण मांडून बसते. मग रोज रात्री नवी गाडी येते आणि एकही रिकामी होत नाही. गोळी एकच घेतली तरी रक्तातले औषध सुमारे तिप्पट होऊ शकते. मी ८० ची गोळी घेत होतो, हिशेब तुम्हीच करा. अशा वेळी जाणता डॉक्टर नायट्याला दुसरे औषध देतो, नाहीतर तेवढ्या दिवसांपुरती कोलेस्टेरॉलची गोळी कमी करतो किंवा थांबवतो. उपाय सोपा आहे, पण आधी त्याला कळले पाहिजे.

त्या काट्यावर बसणारे आणखी बरेच आहेत. खोकल्याला किंवा पोटातल्या अल्सरला क्लॅरिथ्रोमायसिन देतात, ते एक. एरिथ्रोमायसिन दुसरे. रक्तदाबाचे आणि हृदयाचे डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल. सिम्व्हास्टॅटिन नावाची जुनी गोळी या बाबतीत सगळ्यांत नाजूक, ती इट्राकोनाझोलबरोबर किंवा क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर द्यायचीच नसते. वाताच्या गाठीला कॉल्चिसिन देतात, त्याच्यानेही स्नायूंवर ताण वाढतो. पपनस नावाचे मोठे लिंबूवर्गी फळ असते, कोकणात परसात लावतात, त्याच्या जातकुळीच्या फळांचा रसही हा काटा अडवतो. आपल्या मोसंबीला घाबरू नका.

उलटेही घडते. क्षयाच्या औषधांत रिफाम्पिसिन असते. ते काटा अडवत नाही, उलट यकृतात जादा काटे बसवते. गोळी आली की लगेच रिकामी. माणूस नेमाने गोळी घेतो आणि कोलेस्टेरॉल मात्र उतरत नाही. रोसुवास्टॅटिन ही हल्ली फार चालणारी गोळी बऱ्याच अंशी दुसऱ्या वाटेने जाते, तिच्या खोडी वेगळ्या. पित्ताचे ते पांढरे, गुलाबी पातळ औषध तिच्याबरोबरच घेतले, तर गोळीचा असर निम्म्यावर येतो. आधी गोळी, मग दोन तासांनी पातळ औषध. आणि हृदयाची झडप बदललेली असेल आणि रक्त पातळ करायला एसिट्रोम किंवा वॉरफॅरिन चालू असेल, तर ही गोळी सुरू करताना रक्ताची तपासणी लवकर करून घ्यावी लागते, नाहीतर रक्त वाजवीपेक्षा पातळ होते.

दोन चरबीच्या गोळ्या एकमेकींशी भांडल्या, त्याचे मोठे प्रकरण साऱ्या जगात गाजले आहे. सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी होती. जेमफिब्रोझिल या दुसऱ्या चरबीच्या औषधाबरोबर ती घेणाऱ्यांचे स्नायू विरघळू लागले. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीला ती बाजारातून उचलावी लागली, तोपर्यंत जगभरात ५२ मृत्यूंची नोंद झाली होती. जेमफिब्रोझिल अजूनही मिळते, म्हणून सांगितले.

आता कोणी म्हणेल, हे सगळे इंग्रजी औषधांचे विष, आपला गुग्गुळ बरा. गुग्गुळाची मी थट्टा करणार नाही. सुश्रुताने मेदोरोगावर सांगितलेल्या या डिंकाचा अभ्यास डॉ. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ मध्ये प्रबंध लिहून मांडला, आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुग्गुलिपिड तयार केले. पण १९९४ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांची पाहणी छापून आली, तीत गुग्गुलिपिडबरोबर घेतलेल्या डिल्टियाझेमचा आणि प्रोप्रॅनोलॉलचा रक्तातला अंश घटलेला दिसला. ही दोन्ही हृदयरोग्याची औषधे. झाडाचे म्हणून ते बिनधोक, हे शेतकऱ्याने तरी म्हणू नये. धोतराही झाडच आहे.

आणि गंमत अशी की ही कोलेस्टेरॉलची गोळीही मुळात बुरशीतूनच निघाली. जपानातल्या अकिता भागातला शेतकरी घरातला मुलगा, अकिरा एंडो. १९७१ पासून सहा हजारांवर बुरशा तपासल्या, आणि क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळसर बुरशीत त्याला १९७३ मध्ये हे द्रव्य सापडले. २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो वारला. पण म्हणून काढणीच्या पावसात काळी पडलेली ज्वारी औषध समजून कोणी खाऊ नका, त्या बुरशीत विषेही असतात. त्या काळ्या ज्वारीला भाव मिळत नाही हे दुःख वेगळे, त्यावर उद्या बोलू.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. माझी गोष्ट ऐकून उद्या सकाळी कोणी गोळी उकिरड्यावर टाकली, तर माझे भाषण फुकट गेले. मला झाले ते फार क्वचित होते. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. या गोळीवर असलेल्यांनी अंग दुखते म्हणून केलेल्या तक्रारींपैकी दहातल्या नऊंहून अधिक दुखण्यांना गोळी कारणच नव्हती. दुखत होते ते खरे, पण कारण दुसरे होते. स्टेंट बसलेल्याने मनाने गोळी सोडली तर दुसरा झटका दारात उभा असतो. मीही बरा झाल्यावर बाईंनी रक्त पुन्हा तपासून हीच गोळी कमी ताकदीची सुरू केली.

मग ओळखायचे कसे? वखर हाणल्यावर दुखते ते एका बाजूला जास्त दुखते, दोन दिवस पडून राहिले की उतरते. हे दुखणे दोन्ही मांड्यांत, दोन्ही खांद्यांत असते, काम बंद ठेवले तरी वाढत जाते, आणि दुखण्यापेक्षा जोर जातो. उकिडवे बसून उठता येईना, शिडी चढवेना, आणि त्यात नुकतेच एखादे नवे औषध सुरू झालेले असेल, तर थांबू नका. लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, दुखण्याचे इंजेक्शन घ्यायचे नाही.

आणखी एक फसगत. नाव वेगळे, माल एकच. आमच्या शेजारगावच्या एका म्हाताऱ्याला एका डॉक्टरने एका कंपनीची आणि दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीची, अशी एकच गोळी दिली होती. तो दोन्ही घ्यायचा. पाकिटामागे कंपनीच्या नावाखेरीज मूळ औषधाचे नाव असते. त्याच्या शेवटी ‘स्टॅटिन’ आले की ती बहुधा ही गोळी. शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. बी-बियाण्याच्या पिशवीवरचे वाण वाचून घेता, तसे.

मी आता काय करतो, तर सदऱ्याच्या खिशात रिकामी झालेली पाकिटे रबर लावून ठेवतो. दाताच्या डॉक्टरकडे गेलो, मेडिकलवर खोकल्याचे औषध मागितले, वैद्याची पुडी घेतली, की आधी ते समोर ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, हे चालू आहे, तुमचे याच्याशी जमते का ते बघा.” एकदा एकजण चिडला, म्हणाला, तुम्ही मला शिकवता का? मी म्हटले, नाही साहेब, मला एकदा शिकून झाले आहे. औषधाने अपाय झाला तर कळवायला सरकारचा फुकटचा फोन आहे, १८००-१८०-३०२४. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे ती नोंद जाते. आपल्यासारख्यांच्या नोंदी तिथे गेल्या पाहिजेत, नाहीतर खेड्यात काय घडते ते कोणाला कळायचे?

आता भाकरीची वेळ झाली. जेवणानंतर मंडपाच्या डाव्या बाजूला दोन औषधविक्रेते मित्र टेबल टाकून बसणार आहेत, फी नाही. ज्यांच्या घरी कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे त्यांनी पाकिटे बरोबर आणली असतील तर दाखवा. आणली नसतील तर घरी फोन लावा आणि पोराला नाव वाचायला सांगा. घरच्या बाईंची गोळी असेल तर तीही सांगा. आपल्याकडे बायकांचे दुखणे पाकिटासकट डब्यात राहते.